दुःख मागच्या पायांत उतरतं का?

तो मंगळवार अगदी साधा होता. सप्टेंबर, म्हणजे तिकडचा वसंत नुकता लागलेला. मर्व्ह ट्रँटर आणि त्यांची मुलगी लिओनी वरच्या कुरणाचं कुंपण बघायला निघाले. स्पेक पुढे धावायचा, वळून यायचा, दोघं मागे येताहेत याची खात्री करून पुन्हा धावायचा. काळ्या-तांबूस रंगाचा केल्पी जातीचा कुत्रा, सात वर्षांचा, गुरं वळण्यात तरबेज. लिओनी सिडनीच्या एका ग्रंथालयात काम करायची आणि आठवड्याच्या रजेवर आली होती.

चढावर मर्व्ह तीनदा थांबले. एकदा नदीकडे बघायला, एकदा बुटाची नाडी बांधायला. तिसऱ्यांदा कारण सापडलं नाही, तेव्हा नुसतेच कुत्र्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. लिओनीने ते पाहिलं आणि विचारलं, "खांब किती लागतील?"

"अकरा," मर्व्ह म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "बारा घेऊ."

त्या घरात गाईच्या कासेबद्दल तासभर बोलणं व्हायचं. माणसाच्या छातीबद्दल कोणी कोणाला विचारत नसे.

बुधवारी सकाळी, दूध काढून झाल्यावर, मर्व्ह गोठ्याच्या दारात कोसळले ते उठलेच नाहीत.

लिओनीने रजा वाढवली. अंत्यविधी झाला, शेजारणींनी जेवण भरून आणलेली भांडी घासून परत गेली, आणि तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, स्पेकने खाणं सोडलं. गोठ्याच्या दाराशी तो हनुवटी टेकून पडून राहिला.

"दुःख करतोय बिचारा," लिओनीची आई ईनिड म्हणाली. तिच्या बोलण्यात दया होती, पण थोडी सुटकाही होती. घरात उघडपणे दुःख करणारा तोच एक होता.

मर्व्हचे धाकटे भाऊ क्लेमकाका रोज गाईंचं बघायला यायचे. तेही म्हणाले, "सोबती गेला त्याचा. राहू दे पडून. आपोआप उठेल."

दिवसभरात ही गोष्ट खोऱ्यात पसरली. ट्रँटरांच्या कुत्र्याने अन्न सोडलं. टपालवाली बाई तर गाडीतून उतरून त्याला बघून गेली, डोळे पुसत.

लिओनीने धन्यासाठी झुरणाऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या. लहानपणी त्या वाचून उशी भिजवली होती. त्यामुळे सुरुवातीला तिलाही ते पटलं. पण टपालवाली आली तेव्हा स्पेक भुंकला होता, आणि ते भुंकणं तिच्या कानात अडकून बसलं. फाटक्या भात्यातून हवा निघावी तसा आवाज. दुःखाने माणसाचा आवाज बसतो, हे तिला ठाऊक होतं. कुत्र्याचाही बसतो का? तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने त्याला हाक मारली. तो आला, पण मागचे पाय पुढच्यांचं ऐकत नव्हते. बोटीतून नुकतंच उतरलेलं माणूस चालतं तसा तो चालला, आणि वळताना बसला. तिने त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच.

"काका, दुःख मागच्या पायांत उतरतं का हो?"

क्लेमकाका हसले. "ग्रंथालयवाल्या बाई, हे तुमच्या पुस्तकांत बघा."

"गोचीड असेल?"

"इथल्या कुत्र्याला?" काकांना हा अपमान वाटला. "तुमच्या सिडनीच्या कुत्र्यांना लुळं करतो तो गोचीड. सुट्टीला येतात आणि तिसऱ्या दिवशी आडवे. हा गोचिडांतच वाढलाय. त्याला बाधत नाही. आमच्या एकाही कुत्र्याला आजवर बाधला नाही."

"का बाधत नाही?"

"सवय. रक्तातच असतं ते."

लिओनी पायरीवर बसली आणि विचार करू लागली. तिच्या लहानपणीचे कुत्रे तिला आठवले, एकामागून एक चौघं, आणि प्रत्येकाबरोबर तेच चित्र. वसंतातली संध्याकाळ, चुलीजवळची खुर्ची, बाबांच्या गुडघ्यांत कुत्र्याचं डोकं. बाबांची बोटं कानामागून मानेवर, मानेवरून काखेत, काखेतून पंजांत, उलट्या केसांनी, सावकाश. ती समजायची, बाबा लाड करतात. माणसांचे लाड त्यांना कधी जमले नाहीत म्हणून हेवाही वाटायचा. मध्येच चिमटीतलं काहीतरी ते चुलीत टाकायचे. एखादी ठिणगी उडावी तेवढाही आवाज व्हायचा नाही.

"काका," ती म्हणाली, "रक्तात नव्हतं ते. बाबांच्या बोटांत होतं. आणि तीन आठवडे त्याला कोणी हात लावलेला नाही."

काकांनी टोपी मागे सरकवली. मग गुडघे टेकून तिच्याबरोबर शोधायला लागले. डाव्या कानाच्या मागे एक सापडला, करडा, वाटाण्याएवढा फुगलेला. काकांनी तो नखांत धरून उपटला आणि बुटाखाली चिरडला.

"घे. काढला. आता उद्या बघ, सशासारखा पळेल."

ईनिड वाटीत दूध-अंडं घोटून घेऊन आली. स्पेकने जीभ लावली आणि त्याला ठसका लागला. दूध नाकातून बाहेर आलं. लिओनीने वाटी काढून घेतली.

"अगं, अंगात काही नको का जायला?"

"आई, त्याला गिळता येत नाहीये."

तिने जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीने दोनच गोष्टी सांगितल्या. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा. आणि लगेच निघा.

"कामाच्या कुत्र्याला गाडीत घालून डॉक्टरकडे?" काका म्हणाले. "मर्व्हने कधी नेलं नव्हतं."

"त्यांना न्यावं लागलं नव्हतं," लिओनी म्हणाली. गाडीचा मागचा दरवाजा मात्र काकांनीच उघडून दिला. ईनिडही बरोबर निघाली.

डॉक्टर फर्गस मल तरुण होते, आणि सकाळपासून उभे असावेत. त्यांनी स्पेकला जमिनीवर चालवून पाहिलं, छाती ऐकली, कानामागची जागा पाहिली.

"गोचीड काढलाय, चालतोही आहे. पाय थोडे ढिले आहेत. इथलाच कुत्रा ना? मग बहुतेक निभावेल. आणि तुमचे वडील गेल्याचं ऐकलं मी. कुत्रेही मनाला लावून घेतात. घरी गारव्यात ठेवा, सोमवारी फोन करा."

ईनिडने पर्स उचलली. लिओनी जागची हलली नाही. तिचा चेहरा तापला होता. एखाद्याने सांगितल्यावर पुन्हा विचारणं तिला कधी शिकवलंच नव्हतं.

"डॉक्टर, गोचीड काढल्यावरही विष चढत राहतं का?"

"राहू शकतं. दिवसभर, कधी दोन दिवस."

"आणि एक सापडला म्हणजे दुसरा नसतो, असं आहे का?"

"नाही, तसं नाही म्हणता येत."

"त्याचा आवाज बदललाय."

"मी त्याला पहिल्यांदाच बघतोय. मला कसं कळणार?"

लिओनीने फोन काढला. ऑगस्टमधला एक निरोप त्यात होता. बाबा गेल्यापासून तिने तो ऐकला नव्हता, पुसलाही नव्हता. तिने फोन टेबलावर ठेवून तो लावला.

"लिओनी, बाबा बोलतोय. काही विशेष नाही. फाटकाची कडी बसवली. येशील तेव्हा नद्यांवरचं ते पुस्तक आण." मागे स्पेक भुंकला, तीनदा, खणखणीत, घंटेवर हातोडी बसावी तसा. "गप रे. बरं, ठेवतो."

ईनिडने भिंतीकडे तोंड फिरवलं. जमिनीवर पडलेल्या स्पेकने कान टवकारले आणि उत्तर दिलं. घोगरा, हवेचाच जास्त असलेला आवाज निघाला आणि मध्येच तुटला.

डॉक्टरांनी मान तिरकी केली. "पुन्हा लावा," ते म्हणाले.

तिने पुन्हा लावला.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी या वेळी स्पेकचा गळा दोन्ही हातांत धरून श्वास मोजला, डोळ्यांत दिवा धरला. "घशापर्यंत आलंय," ते म्हणाले. "मी घाई केली. सगळे केस काढावे लागतील. विषावरचं औषध द्यावं लागेल. ते देताना धोका असतो, आधीच सांगतो."

"द्या," लिओनी म्हणाली.

केस काढायचं यंत्र बराच वेळ आतून घरघरत राहिलं. मग डॉक्टर दारात आले. आणखी दोन सापडले होते. एक शेपटीच्या मुळाशी, एक उजव्या पंजाच्या बोटांमध्ये. औषध चढत होतं, नाकाला प्राणवायू लावला होता.

"दोन दिवस इथेच राहील. श्वास सध्या टिकून आहे. सोमवारपर्यंत वाट बघितली असती, तर मला फोन कशाबद्दल आला असता ते आपल्या दोघांनाही माहीत आहे."

ते आत गेले. बाकावर दोघी उरल्या. समोरच्या काचेतून स्पेक दिसत होता. केस गेल्यावर तो केवढासा झाला होता, गुलाबी, एका कुशीवर. त्याच्या फासळ्या वर येत होत्या, खाली जात होत्या. लिओनी श्वास मोजत होती.

"तू इतकी अडून बसशील असं वाटलं नव्हतं," ईनिड म्हणाली. "त्या भल्या माणसाला किती प्रश्न विचारलेस. तुझ्या बाबांना संकोच वाटला असता."

"हो."

"पण बरं केलंस. बाई गं, बरं केलंस." ईनिडने तिच्या हातावर हात ठेवला. त्या घरातल्या माणसांना हे नवीन होतं, आणि हात कसा ठेवायचा हे न कळल्यासारखा तो तिरका पडला होता. "मला तर काहीच दिसलं नव्हतं."

लिओनीने काचेवरची नजर काढली.

"मला दिसलं होतं, आई," ती म्हणाली. "कुत्र्याचं नाही म्हणत. बाबांचं. आदल्या दिवशी चढावर त्यांना दम लागत होता. ओठ निळे पडले होते. बरं वाटत नाही का, एवढंच विचारायचं होतं. मी खांबांचं विचारलं."