वाचला असं समजू

परिषदेच्या वेळापत्रकात माझा निबंध बारा वाजून दहा मिनिटांनी होता आणि माझ्या मुलीची भूक बरोबर बाराला.

"साडेअकराला पाज, पावणेबाराला ढेकर, बाराला माझ्याकडे दे," नणंद म्हणाली. घरात तिला सगळे शिडी म्हणतात. उंचच आहे तेवढी. चष्म्याच्या दुकानातून रजा काढून ती केवळ बाळ धरायला माझ्याबरोबर आली होती. "वहिनी, तू तुझं राजकारण बघ. हिचं मी बघते."

"राजकारण नाही गं, राजकीय सिद्धांत."

"तेच ते. कुणी कुणाचं का ऐकायचं, हेच ना?"

इतकं नेमकं मला निबंधाच्या पहिल्या पानावरही जमलं नव्हतं.

निबंध मौन संमतीवर होता. कुणी गप्प बसलं की त्याला मान्य आहे असं सरकारं, सभा आणि घरं बिनदिक्कत धरून चालतात. माझं म्हणणं एवढंच, की 'नाही' म्हणणं ज्याला परवडतं, त्याच्याच गप्प बसण्याला संमती म्हणावं. बाकीच्यांचं मौन म्हणजे नुसतं मौन. हे सांगायला मला सव्वीस पानं लागली आणि सात महिने. पिल्लू झोपलं की लिहायचं, कुरकुरलं की वाक्य तसंच लोंबकळत ठेवून धावायचं. काही पानं मी डाव्या हातावर तिला घेऊन उजव्या हाताने लिहिली आहेत. तिच्या श्वासाची ऊब मनगटाला लागत असायची, आणि त्या पानांवरची वाक्यं आपसूक छोटी झाली.

बाळ झाल्यापासून मला लोक पुष्कळ प्रश्न विचारत होते. पाजलंस का, दात आले का, रात्री झोपते का. वाईट प्रश्न नव्हते, पण त्यांची उत्तरं मला येत होती. मला एक तरी असा प्रश्न हवा होता, ज्याच्यापुढे माझी बोलती बंद होईल. त्याशिवाय हा निबंध पुढे सरकणार नव्हता, आणि त्यासाठी तो लोकांपुढे वाचायलाच हवा होता.

आमच्या सत्रात चार निबंध होते, प्रत्येकाला वीस मिनिटं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, गोड स्वभावाचे. समोर टेबलावर घंटी होती, पण ती वाजवायचा त्यांना संकोच वाटत असावा. पहिल्या सरांनी पस्तीस मिनिटं घेतली. दुसऱ्या प्राध्यापकबाई, बारीक केस कापलेल्या, खणखणीत आवाजाच्या, अर्धा तास बोलल्या. तिसरे गृहस्थ "फक्त दोनच मुद्दे मांडतो" म्हणून उभे राहिले आणि पहिल्याच मुद्द्यात मुक्कामाला बसले.

माझ्या वेळापत्रकाचे तर तीनतेरा वाजलेच होते. पाऊण वाजता पिल्लूला पुन्हा भूक लागली. खुर्च्या रचून ठेवलेल्या खोलीत मी तिला पाजलं आणि खांद्यावर घेऊन शेवटच्या रांगेत येऊन बसले. ती गाढ झोपली. शिडी पाणी प्यायला खाली गेली होती.

एकला पाच कमी असताना अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "एक वाजता जेवण आहे. चौथ्या निबंधाची प्रत सगळ्यांच्या पिशवीत आहेच. तेव्हा तो वाचला असं समजू. कोणाची हरकत नाही ना?"

सभागृह गप्प. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, तेवढीच वाट पाहिली. "ठीक. तर मग…"

मानेवर मुलीची लाळ ओघळत होती. जोरात बोलले तर ती उठणार, उठली तर आभाळ डोक्यावर घेणार. अगदी खरं सांगायचं तर क्षणभर मला वाटलं, जाऊ दे.

"माझी हरकत आहे," मी उभी राहून म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. लोक पिशव्या उचलायला लागले होते.

"माझी हरकत आहे!"

आता सगळ्यांना ऐकू गेलं. पिल्लूलाही. तिने असा टाहो फोडला, की तिसरे वक्ते अर्धे उठलेले पुन्हा बसले.

"अहो ताई," अध्यक्ष म्हणाले, "प्रमाणपत्र मिळेल तुम्हाला, काळजी करू नका. एवढं लहान मूल असताना तुम्ही लिहिलंत, याचंच केवढं कौतुक!"

"कौतुक नको सर, वीस मिनिटं हवीत."

"वीस मिनिटं कुठून आणू आता?"

"पहिल्या सरांना पस्तीस जिथून मिळाली, तिथून."

मागून कुणीतरी खदखदून हसलं. पहिले सर आपल्या पेनाचं टोपण निरखू लागले.

"जेवण थंड होईल," अध्यक्ष कळवळून म्हणाले.

"ज्यांना भूक लागलीय त्यांनी खुशाल जावं. मी रागावणार नाही. पण वाचला असं समजू नका सर, वाचू द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बारा मिनिटं."

"बारा चालतील. प्रश्नांची वेळ वेगळी."

तेवढ्यात शिडी दारात आली. तिने काही न विचारता बाळ माझ्या खांद्यावरून उचललं आणि ती बाहेर निघून गेली. बरेच लोकही गेले. उरले अकरा, अध्यक्षांसह. मी उभ्याउभ्या पानं गाळत वाचू लागले. शिडी कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होती, त्यामुळे रडणं जवळ यायचं, लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं. जवळ आलं की छाती दुधाने भरून यायची आणि मी आवाज चढवायचे. बाराव्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटी वाजवली. मी शेवटच्या वाक्यावरच होते. ते पूर्ण केलं.

टाळ्या पडल्या, बेताच्या. मग त्या खणखणीत आवाजाच्या प्राध्यापकबाई उभ्या राहिल्या. हातात माझ्या निबंधाची प्रत, मघाशीच पेन्सिलने रेघोट्या मारलेली.

"नाही म्हणणं परवडत नसेल, तर मौन म्हणजे संमती नव्हे. कबूल. मग अशाच माणसाने तोंडाने स्वच्छ 'हो' म्हटलं तर? तुमच्या कसोटीने तेही बाद. मग तुम्ही मौनावर सव्वीस पानं का खर्चलीत? गोची मौनात नाहीच."

मी हातातली पानं उलटसुलट चाळली. सात महिन्यांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग शोधा."

"शोधते."

बाहेर जिन्याच्या पायरीवर शिडी बसली होती, केस विस्कटलेली. मी पिल्लूला घेतलं, पदराआड केलं. हुंदके देतच ती प्यायला लागली.

"काय झालं? जिंकलीस?"

"सपशेल आपटले."

"मग दात का काढतेस?"

"माझे हात अडकलेत. पेन घे आणि लिही."

शिडीने पिशवीतून माझा निबंध काढला, शेवटचं पान उलटं केलं. मी बाईंचा प्रश्न शब्दन् शब्द सांगितला. लिहिता लिहिता ती थांबली.

"वहिनी, दुकानाचा मालक विचारतो, सुट्टीच्या दिवशी येशील ना? मी हो म्हणते. हे त्यातलंच का?"

"त्यातलंच."

"मग माझं ते 'हो' खोटं?"

"पूर्ण खोटं असतं तर सोपं झालं असतं." मी बाळाचं डोकं जरा वर घेतलं. "थांब, आधी हे लिही. तू जसं बोललीस तसंच लिही, मालकासकट."