साडेएकोणचाळीस अंश

मनाच्या आजारावरच्या औषधाचा रेणू कार्बनच्या पातळ पापुद्र्याला किती घट्ट चिकटतो आणि किती सावकाश सुटतो, हे मी योएन्सू शहरातल्या प्रयोगशाळेत संगणकावर काढायची. माझ्याच आकड्यांवरून औषधाची एक चकती बनली. दंडात, कातडीखाली बसवायची. सहा महिने औषध झिरपत राहणार, गोळ्यांची कटकट नाही.

चाचणीसाठी बारा रुग्णांनी ती बसवून घेतली. त्यात माझा धाकटा भाऊ एल्यास होता. मला न विचारताच त्याने नाव दिलं होतं. वर्षानुवर्षं गोळ्या संडासात टाकणारा, नसलेल्या माणसांशी भांडणारा एल्यास त्या उन्हाळ्यात शिट्टी वाजवत होडी रंगवत होता.

सदतीस अंश सेल्सिअसवर, म्हणजे अंगाच्या नेहमीच्या तापमानाला, पकड पक्की होती. एका गुरुवारी मी संगणकावर सहज तापमान वाढवून पाहिलं. साडेएकोणचाळीसला रेणू एकेक करून नाही, झुंडीने सुटले; म्हणजे महिन्यांचं औषध एकदम अंगात.

आमचे प्रमुख राउतिओ पडद्यावर वाकले. "तुझ्या संगणकाला ताप आलाय, हिल्पा. माणसं ठणठणीत आहेत."

"माणसांनाही ताप येतोच ना?"

"सोमवारी पुन्हा गणित करून बघ. एवढ्यावरून बारा जणांचे दंड फाडायचे का?"

मला ते पटवून घ्यायचंच होतं. एल्यासला सांगितलं असतं तर त्याने चकती त्याच दिवशी उपटली असती, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला असता. शुक्रवारीही मी गप्प बसले.

शनिवारी दुपारी बटाटे सोलताना एकदम हात थांबला. शनिवार म्हणजे सौना, आमच्याकडचं गरम खोलीतलं वाफेचं स्नान. घरोघरी माणसं त्या धगीत अंग तापवत बसलेली असणार. माझ्या ध्यानात आलंच कसं नाही?

एल्यासने तळ्याकाठच्या सौनाच्या खोपटापाशी फोन उचलला. "काय गं, मी भाजतोय त्या सॉसेजचा वास आला वाटतं? आत्ताच दुसऱ्यांदा वाफ घेऊन बाहेर बसलोय."

"परत आत जाऊ नकोस. अंगावर गार पाणी ओत. ऐकतोयस ना?"

"तुझं आपलं... नेहमीचं..." त्याची जीभ जड झाली. "हिल्पा, माझे पाय कुठे गेले?"

फोन फळीवर आपटला.

रुग्णवाहिकेला आणि राउतिओंना फोन करून मी धावले; पोचले तेव्हा एल्यासला रुग्णवाहिकेत चढवत होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात राउतिओ उरलेल्या अकरा रुग्णांना फोन लावत होते. दहा जणांनी उचलला. अकरावा, एकटा राहणारा निवृत्त सुतार. त्याचा फोन नुसता वाजत राहिला. राउतिओ पुन्हापुन्हा तोच नंबर दाबत होते.

तिसऱ्या दिवशी एल्यासने डोळे उघडले. चकती काढलेल्या दंडावर टाके होते. मी त्याचा हात हातात घेतला.

"बाकीचे ठीक आहेत ना?"

"एक जण गेला."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "तुला कधी कळलं होतं?"

"गुरुवारी."

त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि पांघरुणात ओढला.