तोंडाचा उपास

माझं तोंड वाईट हाय, हे आख्ख्या पंचक्रोशीला ठावं हाय, मग मी कशाला लपवू? माझी सासू हुती तवा म्हनायची, "दीनाच्या तोंडापुढं तोफखाना फिका." पन एक सांगते, बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तोंडानं आमच्या टोळीला सांभाळलं. जामखेडच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं हुतं. आमची किरिस्तावांची घरं, गावातली शेतकरी मंडळी, समदी एकाच उन्हात, एकाच ढिगावर. दुष्काळानं समद्यांना एका पंगतीला आनून बसवलं हुतं.

मुकादम हुता पुंजाराम. मानूस तसा वाईट न्हवता, पन हाताचा आखडू. ढीग मोजताना कमी दाखवायचा, सुकडी, म्हंजी सरकारनं धाडलेला पिठा-गुळाचा खाऊ, वाटताना मूठ आवळायचा. मग बाया माझ्याकडं बघायच्या आन मी पदर खोचून उठायची. मला उठताना बघितलं, की पुंजारामची मूठ आपोआप सैल व्हायची.

तर त्या साली राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीच्या आमच्या चाळीस दिसांच्या उपासाचा पयला दिस. तालुक्याहून फादर फटफटीवर आले. मिशनच्या शाळेच्या खोलीत आमी जमलो. समद्यांच्या कपाळाला राख लावून झाली, तसे फादर म्हनाले, "मंडळी, दर वर्षी मी सांगतो, उपासकाळात मटण सोडा, गोडधोड सोडा. यंदा काय सांगू? तुमच्या चुलीवर सोडण्यासारखं उरलंय काय? म्हणून यंदा असं करा. ज्याच्याकडे जे रग्गड आहे, ते त्यानं सोडावं."

मग कोनतरी फिस्सकन हासलं, आन समदी खोली वळून माझ्याकडं बघाया लागली. आमचे मालक तर टोपी तोंडाशी धरून खोकल्याचं सोंग करत हुते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच उभी राहिले आन ओरडून म्हनलं, "बरं! घ्या! ईस्टरपातुर दीना कोनाशी भांडनार न्हाई, आवाज वर काढनार न्हाई. देवाला शब्द दिला!"

भांडत भांडतच न भांडायची शपथ घेतली म्या. फादर हासले न्हाईत. "देव ऐकतोय, बाई," येवढंच म्हनाले.

आता अशी गोष्ट गावात झाकून राहती व्हय? दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर पुंजारामच समोर आला. हात जोडून म्हनतो कसा, "दीनाबाई, उपास धरला म्हनं तोंडाचा. लई पुन्याचं काम. आमचा बी पाठिंबा हाय." मी मूग गिळून गप. त्या दिवशी सुकडीची मूठ पुन्हा आवळली. बायांनी माझ्याकडं बघितलं, म्या खडीकडं बघितलं.

तेवढं चाललं आसतं. पोटाला चिमटा घ्यायची समद्यांना सवय झाल्ती. पन पुढं त्यानं रंगुबाईच्या पोटावर पाय दिला.

रंगुबाई म्हंजी गावातली एकली म्हातारी. नवरा न्हाई, पोर न्हाई, जमिनीचा तुकडा हुता त्यात धूळ उडत हुती. पाठीला बाक आलेला. तिला खडी फोडवत न्हवती, म्हनून पयल्यापास्नं तिच्याकडं पानी पाजायचं काम हुतं. बैलगाडीवरच्या पिंपातून हंडा भरायचा आन तांब्या घेऊन उन्हात टोळीटोळीला फिरायचं. त्यावर तिचं पोट चालायचं. मला पानी देताना हमेशा म्हनायची, "पी बाई, घसा वला कर. तुला लई बोलाया लागतं."

एक दिवस सकाळी बघते तर हंड्यापाशी लंकाबाई उभी. ही पुंजारामची मेव्हनी. हट्टीकट्टी बाई, एका दमात रांजन उचलंल अशी. आन रंगुबाईच्या डोक्यावर खडीची पाटी. पुंजाराम म्हनाला, "म्हातारी पानी सांडती. आजपास्नं ती पाटी वाहील."

अगं बया! माझ्या तोंडात काय काय आलं म्हनून सांगू! पदराचा बोळा करून दातात धरला. आख्खी टोळी हातोडे थांबवून माझ्याकडं बघत हुती. आन मी, जिनं कधी पाटलाला सोडलं न्हाई, ती मान खाली घालून खडी फोडत बसले.

तोंड बांधलं हुतं, हात तर मोकळे हुते. म्या काय केलं, रंगुबाईची पाटी मीच भराया लागले. खाली वाळलेलं गवत, वर थोडे दगड, लांबून बघनाऱ्याला पाटी भरलेली दिसावी. माझ्या खेपा झाल्या की तिच्या मी करायची. चार दिवस खपलं. मग पुंजारामनं पाटीत हात घातला आन गवत वर काढलं. "आपापली पाटी आपन वाहायची," तो म्हनाला. "जिला झेपत न्हाई, तिनं उद्यापास्नं घरी बसावं."

घरी बसावं! त्या घरात काय हुतं? रिकामी मडकी.

सांजच्याला घरी आमी प्रार्थना म्हनायचो. आकाशातल्या बापाला रोजची भाकर मागायची ओळ आली, की माझी जीभ अडायची. आमची भाकर दे म्हनायचं. आमची म्हंजी कोनाची? रंगुबाई त्यात येती का न्हाई? मालकांना विचारलं, "भांडू का वो?" त्यांनी चुलीतली लाकडं आत सारली. मग म्हनाले, "शब्द तू देवाला दिलास. मला दिला आसतास तर कवाच त्यातनं सोडलं आसतं तुला." आता अशा मानसाला काय म्हनावं!

सकाळी कामावर जाताना म्या रंगुबाईला गाठलं. हळू आवाजात म्हनलं, "मावशी, माझ्यानं आता गप बसवत न्हाई. आज मी त्याला बोलनार."

म्हातारीनं माझं मनगट गच्च धरलं. "खबरदार! म्या सोळा सोमवार केल्यात, उपास काय आसतो मला ठावं हाय. देवापुढं धरलेला नेम मानसासाठी मोडत न्हाईत. मी वाहीन पाटी. माझ्यापायी तुझा उपास मोडला तर मला अन्न गोड लागायचं न्हाई."

ऐकलंत? तिच्या ताटातच काय न्हवतं, आन म्हने गोड लागायचं न्हाई.

त्याच दिवशी दुपारी काम तपासाया सरकारी साहेबाची जीप आली. साहेब तरना हुता, डोक्यावर मोठी टोपी. समद्यांना एकत्र बोलवून त्यानं विचारलं, "कुणाची काही तक्रार आहे का? घाबरू नका, सांगा."

समद्या बायांनी माझ्याकडं बघितलं. बोलायचं काम माझं, हे ठरल्यावानीच हुतं. साहेबानं बघितलं, पाटी घेतलेली एक म्हातारी लटलट कापत उभी हाय. तो तिच्यापाशी गेला. "आजी, हे काम झेपतं का तुम्हाला? कुणी जबरदस्तीनं दिलं का?"

रंगुबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग पाटी सावरून म्हनाली, "न्हाई साहेब. समदं बरं हाय. म्याच मागून घेतलं."

खोटं बोलली म्हातारी, आयुष्यात कधी बोलली नसंल ती. का? तर माझा उपास राहावा म्हनून. मी स्वर्गात पुन्य साठवनार आन ही हितं दगडाखाली मरनार! असला उपास कोनाला पायजे? देवाला तरी गिळवंल का तो?

"साहेब!" म्या असा आवाज काढला, की जीपमधला ड्रायव्हर बी खाली उतरला. "म्हातारी खोटं बोलती! तिचं काम पानी पाजायचं. मुकादमानं ते काढून आपल्या मेव्हनीला दिलं. ह्या हाडांवर ही पाटी शोभती का, तुमीच सांगा!"

पुंजाराम पुढं झाला. "दीनाबाई, आवो तुमचा उपास..."

"माझ्या उपासाची काळजी तू करू नगंस! सुकडीची मूठ आवळतोस तवा उपास आमचा समद्यांचाच घडतो! म्हातारीच्या तोंडचा घास काढताना तुझ्या हाताला कापरं सुटलं न्हाई?"

मग बाकीच्या बायांना बी कंठ फुटला. ह्या आधी का फुटला न्हाई, ते त्यांनाच ठावं. लंकाबाईनं तर आपनहून हंडा खाली ठेवला आन म्हनाली, "मला तरी कुठं पायजे हुतं हे? भावजींनी बसवलं म्हनून बसले." साहेबानं पुंजारामला जीपच्या मागं नेऊन काय सुनावलं, ते ऐकाया आलं न्हाई, पन परत आला तवा त्याचं तोंड इवलंसं झाल्तं. रंगुबाईच्या हातात तांब्या आला. लंकाबाईनं पाटी उचलली, फुलाची परडी उचलावी तशी.

समदी खुशीत हुती. मी मातूर ढिगाच्या आडोशाला जाऊन बसले. राग उतरला आन मग ध्यानात आलं. देवाला शब्द दिला हुता. येवढा एकच, आख्ख्या जन्मात. तो बी पाळता आला न्हाई.

रंगुबाई तांब्या घेऊन आली. "पी."

"नगं."

"का? आता पान्याचा बी उपास धरलास?"

मला रडूच फुटलं. "मावशी, देवाला दिलेला शब्द मोडला वो म्या."

ती गुडघ्यावर हात टेकून माझ्याशेजारी बसली. मग म्हनाली, "तुझ्या देवाचं मला काय कळत न्हाई बाई. पन सांजच्याला तू त्याच्याशी बोलतीस न्हवं? तवा त्याला सांग, दीनाची चूक न्हाई. उपास रंगुबाईपायी मोडला. त्याचं जे काय पाप आसंल, ते रंगुबाईच्या माथी घाल म्हनावं. मी भोगीन. माझं काय, आता किती दिस राहिल्यात?"

साधं बोलली ती. उसनं पीठ मागावं, येवढं साधं.

लहानपनापास्नं दर उपासकाळात मी ऐकत आले, की कोनी एकानं दुसऱ्याचं पाप आपल्या माथी घेतलं. मान डोलावून ऐकायचं, छातीवर क्रूस काढायचा आन घरी येऊन सासूशी भांडायचं. ते घेताना मानूस कसा दिसतो, ते त्या दिवशी बघितलं. अनवानी हुता, आन पाटीनं त्याच्या कपाळाला वळ पडला हुता.

म्या तिच्या हातातला तांब्या घेतला आन घटाघटा पानी प्याले. डोळं पुसलं.

"म्हातारे," म्या म्हनलं, "तुझ्या माथी आता काय बी चढू द्यायची न्हाई मी. पाटी न्हाई आन पाप बी न्हाई. देवाशी काय भांडायचं ते माझं मी भांडीन. ऊठ, तिकडं लोकं तान्हेली बसल्यात."