बारीक जाळी

वडील गाईंना अख्खा मका घालायचे, म्हणून अक्काही घालायची. ते गेल्यावर गोठा तिच्याकडे आला आणि रस्त्यावरचं दुकान धाकट्या भावाकडे. भावाने दुकानात दळायचं यंत्र आणलं आणि बहीणभावात मक्यावरून जुंपली.

"दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात, अक्का. मका गाईला नाही, शेणाला चारतेस तू."

"तुझ्या यंत्राला काम नाही, म्हणून माझ्या गोठ्याच्या मागे लागलायस."

भावाने वाद घातला नाही. सकाळी भुरी गाईचं ताजं शेण चाळणीत घेतलं आणि नळाखाली धरलं. शेण वाहून गेलं, चाळणीत पिवळे दाणे उरले. कितीतरी अगदी अख्खे. शेजारीपाजारी बघायला जमले होतेच. अक्काचं तोंड एवढंसं झालं.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "गाईंचा मका दळून दे."

मग चाळणी त्याच्या हातातून ओढून घेऊन ती वासरांकडे गेली. त्यांचं शेण धुतलं, तर दाणा औषधालाही नाही. वासरं एकेक दाणा कुरकुर चावून खात होती.

"यांचा मका अख्खाच राहील."

"हरलीस ना? मग आता मुकाट्याने ऐक की."

"एका गोष्टीत हरले. गोठा नाही हरले."

भावाने यंत्राला सगळ्यात बारीक जाळी लावली. मक्याचं पीठ झालं, बोटाला चिकटणारं. "गाईच्या गालाला पावडर लावायचीय का?" अक्काने विचारलं. तो म्हणाला, बारीक असलं की अंगी लागतं. नुकतीच सगळ्यांसमोर तोंडावर पडलेली अक्का यावेळी गप्प बसली. तेच नडलं.

थोड्याच दिवसांत भुरीने गव्हाणीकडे पाठ फिरवली. रवंथ थांबला. शेण पातळ आणि आंबूस येऊ लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची कूस दाबून पाहिली. "पीठ पोटात गेल्या गेल्या आंबतंय. बंद करा. सुका चारा द्या. बरी झाली की मका द्या, पण जाडाभरडा आणि बेताने."

"बंद कशाला? थोडं कमी करू," भाऊ म्हणाला.

अक्का तडक दुकानात शिरली. चालू यंत्र बंद केलं, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि जाळी उपसून काढली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले.

"अक्का, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे."

"दुकान माझं आहे."

"असेल. तिकडे मान टाकून उभी आहे ती गाय माझी आहे. तुझं बरोबर होतं तेव्हा चारचौघांत कबूल केलं मी. आता तुझी पाळी."

भाऊ लालबुंद झाला, पण कबूल काही केलं नाही. जाळी काखेत मारून अक्का निघाली. जाता जाता मोठ्या भोकांची जाळी तिने त्याच्यासमोर आपटली.

सुक्या चाऱ्यावर भुरी हळूहळू सावरली. एका दुपारी ती रवंथ करत बसलेली दिसली, तेव्हा अक्का तिच्या पाठीला टेकून मनसोक्त रडली. गोठ्यात कुणी नव्हतं, म्हणून.

संध्याकाळी भावजय आली. "ते बारीक जाळी परत मागतायत. लोकांचं दळण अडलंय."

"त्याला म्हणावं, नवी आण."

"आणि बोलणं? तेही बंदच ठेवणार का?"

"बोलेन की," गव्हाणीत जाड भरडा पसरत अक्का म्हणाली. "त्याने इथे यावं. भुरीसमोर उभं राहावं आणि चुकलो म्हणावं. तोवर नाही."