आवाजाची जुनी प्रत

बाबांचं दुरुस्तीचं दुकान तळघरात. मिक्सर, इस्त्र्या, पंखे यांची ही गर्दी, आणि नेटवर्कच्या नावाने शंख! म्हणून माझ्या धाकट्या भावाने दुकानासाठी वेब अ‍ॅप केलं. ते स्टोअरमधून उतरवावं लागत नाही. वेबसाइट उघडायची, तिचं चिन्ह स्क्रीनवर ठेवायचं, झालं. जागा चिमूटभर, आणि नेट नसलं तरी उघडतं, कारण एक प्रत फोनमध्येच राहते. बेकरीवाल्या काकांच्या मरतुकड्या फोनवरही ते झकास चालायचं. उघडलं की आईचा आवाज यायचा, "या, बसा. काय बिघडलंय?"

मग आई गेली. तो आवाज धाकट्याला सोसवेना. त्याने नवी आवृत्ती केली, आवाजाच्या जागी घंटी ठेवली आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. ना मला विचारलं, ना बाबांना. अ‍ॅप तर इतकं शहाणं की नेट मिळताच गुपचूप स्वतःला बदलून घेतं. एका सकाळी बाबांच्या फोनवर घंटी वाजली. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. मी धाकट्याला वाट्टेल ते बोलले. तो रडला, तरी माझं तोंड थांबलं नाही.

मार्ग शेवटी त्यानेच काढला. "आई गेल्यापासून ज्यांनी अ‍ॅप उघडलंच नाही, त्यांच्याकडे जुनी प्रत असेल, ताई. ती इथे खाली दुकानात, नेट नसताना उघडायची. पुन्हापुन्हा वाजेल. रेकॉर्ड करून घेऊ."

सगळ्या गिऱ्हाइकांना विचारून झालं. एकटे बेकरीवाले काका सापडले. खाली दुकानात येईपर्यंत उघडू नका, असं धाकट्याने त्यांना बजावलं.

काका धापा टाकत जिना उतरले. "आहे हो, आहे! आत्ताच वर रस्त्यावर लावून पाहिलं. म्हटलं, नसलं तर उगाच तुमच्या बाबांचा हिरमोड."

धाकट्याच्या लगेच लक्षात आलं. वर नेट होतं. पहिल्यांदा जुनं वाजतं, तोवर मागून नवं येऊन बसतं. काकांनी उत्साहाने अ‍ॅप पुन्हा उघडलं. घंटी वाजली.

काकांचा चेहरा पडला. ते माफी मागू लागले. बाबांनी त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. धाकट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तुम्ही ऐकलंत ना तिला?" बाबांनी विचारलं. "दमल्यासारखी नव्हती ना वाटत?"