सात धोंडी

राहीनं शेणाचे हात राखेनं घासून धुतले, पदराला पुसले आणि पुढे केले, तरी आप्पा गुरुजींनी पत्र दिलं नाही. देऊन उपयोग काय? तिला अक्षरओळख नव्हती. अंगण अर्धंच सारवून झालं होतं. त्याला वळसा घालून ते ओटीवर टेकले आणि उगाच बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पत्र रंगूनच्या मदत कचेरीचं होतं. गेल्या वैशाखात ब्रह्मदेशात पेगूला भूकंप झाला, तेव्हा रत्नागिरीतून आठ माणसं तिकडे सेवेला गेली. आईबाप हरवलेल्या पोरांच्या छावणीत नावांची वही लिहायला आप्पा आणि पोरं सांभाळायला राही. एरवी राहीसारख्या सुईणीला समुद्रापलीकडे कोण नेतो? पण ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता तेव्हा राही त्याच्या वाड्यावर धुणीभांडी करायची, आणि तिथल्या माणसांची बोली तिच्या जिभेवर बसली होती. त्या बोलीपायी तिला बोटीचं तिकीट मिळालं, याचं गावाला अजून नवल वाटत होतं.

आप्पांनी वाचून सांगितलं. एक बाप सहा महिने मुलीला शोधत हिंडतोय. मुलीचं नाव खिन, वय पाच. छावणीवर तो दोनदा आला, दोन्ही वेळा वहीत तसं नाव नाही म्हणून त्याला परत पाठवलं. कुणाला काही आठवत असेल तर कळवावं.

राहीला ते नाव ठाऊक होतं.

छावणीच्या पहिल्याच आठवड्यात तीन मुली तापानं गेल्या. चौथी फणफणली ती खिन. राहीची स्वतःची तीन बाळं अशीच गेली होती. चौथ्याचं नाव तिनं धोंडू ठेवलं; दगडधोंड्याकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. तो जगला, आज मुंबईला गिरणीत आहे. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकूनच पिणार. तिनं खिनच्या कानात सांगितलं, आजपासून तू धोंडी. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं, खरं नाव मरण ऐकतं. आप्पांनाही तिनं वहीत तेच लिहायला लावलं. आप्पा शिकलेले, पण पोरी डोळ्यांसमोर जात होत्या. त्यांनी मुकाट्यानं लिहिलं. चार दिवसांत ताप उतरला.

"ती माजीच धोंडी," राही म्हणाली. "वही बघा ना. कुठं धाडली ता गावंल."

आप्पांनी पिशवीतून वही काढली, पण उघडली नाही. आतलं त्यांना पाठ होतं. ताप पसरला तशी नोंदीआधीच आजारी पडणाऱ्या प्रत्येक मुलीला राहीनं तेच नाव दिलं होतं आणि एकही दगावली नव्हती. त्याचा तिला केवढा अभिमान होता! बोटीवर भेटेल त्याला ती सांगत सुटली होती.

"सात धोंडी आहेत, राही," आप्पा म्हणाले. "सातही चार-पाच वर्षांच्या, आणि धाडल्याच्या पानावर नुसतं धोंडी, पहिली कोणती ते नाही. कुणी मंडालेकडे गेली, कुणी मोलमीनकडे. ज्यांनी पोसायला नेल्या त्यांनी आपापली नावं ठेवली असतील. शोधायला हातात होतं ते एक नाव, आणि ते आपण लिहिलेलं."

राहीनं बंद वहीवर हात ठेवला.

आप्पांनी पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला आणखी नावं होती, ज्यांचे आईबाप शोधत होते त्या मुलींची. ते एकेक नाव सावकाश वाचत गेले. प्रत्येक नावाला राही मान वर करी आणि पुन्हा खाली घाली.

"बाकीच्या सहांची खरी नावं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"इचारलीच नाय," राही म्हणाली. "खिनचं तेवढं ठावं व्हतं. बाकीच्या सांगाया लागल्या, तर मीच तोंडावर हात ठेवला."

अंगणातलं शेण वाळत चाललं होतं. आप्पांनी पिशवीतली लिहायची पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला आणि दौत उघडली. काय लिहू, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"जगल्या म्हणून लिवा," ती म्हणाली. "सातीच्या साती."

आप्पांनी तेवढं एक वाक्य लिहिलं. खाली नावांसाठी जागा सोडली होती. ती तशीच ठेवून त्यांनी कागदाची घडी घातली.