एक वाटी सोप्पु, रोज

सत्यवतीनं बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं लोकांचा माल नापास केला होता. पिन केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी जरी जास्त जाड निघाली तरी ती लाल डब्यात जायची, आणि ज्यानं ती पिन केली त्यालाच सत्यवती तो डबा उचलायला लावायची. त्यामुळे साठाव्या वर्षी तिचं स्वतःचंच रक्त दर आठवड्याला नापास व्हायला लागलं तेव्हा राजाजीनगरातल्या त्या घरात तिच्या नवऱ्याला हसू आवरेना. अर्थात हयवदन हसला तो स्वयंपाकघरात जाऊन, नळ मोठा सोडून.

झालं होतं असं. जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दहाव्या दिवशी हॉलपासून मोरीपर्यंत जाताना तिला अशी धाप लागली की भिंतीला धरून ती खालीच बसली. हयवदननं आधी जिऱ्याचं पाणी दिलं, कारण त्याच्या मते माणसाला होणारं सगळं गॅसमुळे होतं. मग तिच्या ओठांचा रंग बघितला आणि पायात चपलासुद्धा न घालता ऑटो आणायला पळाला. पायातली रक्ताची गुठळी सुटून थेट फुप्फुसात जाऊन बसली होती. आठ दिवस हॉस्पिटल, पोटात सुया, नाकात नळी. त्यातून ती उठली. घरी येताना डॉक्टर रम्यांनी हातात एक लहानशी गोळी ठेवली. रक्त पातळ ठेवणारी.

"आता नवीन गोळ्या आल्यात, त्यांना एवढी देखभाल लागत नाही," रम्या म्हणाल्या होत्या. त्या तिशीतल्या, बोलताना पेनाचं टोपण उघडमीट करणाऱ्या. "पण अम्मा, तुमच्या रक्तात एक खोड निघाली आहे. तिला ही जुनीच गोळी बरी. फक्त दर आठवड्याला आयएनआर करायचा. रक्त गोठायला किती वेळ घेतं, त्याचा तो आकडा. तुमचा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गेला तर परत गुठळीची भीती, तीनच्या वर गेला तर रक्तस्रावाची."

"म्हणजे अडीच, अधिक-उणे अर्धा," सत्यवती म्हणाली. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या भाषेत बोललं होतं.

"आणि पालेभाज्या रोज साधारण सारख्या खा. त्यांनी गोळीचा जोर कमी होतो. बंद करू नका, पण एक दिवस डोंगर आणि एक दिवस काही नाही, असंही नको."

सत्यवतीनं मान डोलावली. हयवदनचा चेहरा मात्र उतरला. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यानं गच्चीवर तेवीस कुंड्यांत सोप्पु लावला होता. पालेभाजीला त्यांच्या घरात तीन पिढ्या सोप्पुच म्हणत. पालक, राजगिरा, चुका, मेथी आणि एका जुन्या ड्रममध्ये शेवगा. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पानात काहीतरी हिरवं असायचंच. दुसऱ्या कुठल्या मार्गानं त्याला प्रेम दाखवता आलं नव्हतं, आणि बेचाळीस वर्षांत तिनंही तशी काही तक्रार केली नव्हती.

हॉस्पिटलात असतानाच विद्याधर भेटायला आला होता. तिच्या त्याच कारखान्याचा मालक. बेळगावकडचा, पन्नाशीचा. त्याचा माल सत्यवतीनं इतक्यांदा परत पाठवला होता की त्याला तिच्याबद्दल मोठ्या बहिणीसारखी भीती वाटायची. शहाळं टेबलावर ठेवत तो म्हणाला, "अक्का, नवीन मापखोली बांधतोय. एसी आहे. सहा मुली घेतल्यात, पण मायक्रोमीटर धरतात शेंगदाण्याची पुडी धरल्यासारखा. तुम्ही आठवड्याला तीन दिवस या. शिकवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, खोलीचं उद्घाटन."

सत्यवतीचे डोळे चमकले. रिटायर झाल्यापासून ती घरातल्या चपात्यांची जाडी तपासत होती.

पण डॉक्टर अडल्या. कारखान्यात धारदार कडा असतात, रक्त पातळ असलेल्या माणसाला कापलं तर थांबायचं नाही. "सलग तीन रिपोर्ट दोन ते तीनच्या आत आणा, मी लिहून देते." विद्याधरनं त्याच्याकडची अडचणही सांगितली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला एक माणूस शिकवायला तयार होता. आयुधपूजेपर्यंत अक्का आल्या नाहीत तर त्याला घ्यावं लागणार.

म्हणून सत्यवतीनं हे प्रकरण मनावर घेतलं. तिनं फ्रिजच्या दारावर ग्राफपेपर लावला, दोनवर आणि तीनवर लाल रेघा मारल्या आणि हयवदनला सांगितलं, "आजपासून सोप्पु बंद."

"डॉक्टर म्हणाल्या बंद करू नका."

"ते साध्या माणसांसाठी. माझं काम पक्कं असतं."

पहिला रिपोर्ट आला तीन पूर्णांक सहा दशांश. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. सत्यवती घरी आली आणि विचार केला, सोप्प्यानं आकडा उतरतो ना? मग उतरवू. मंगळवारी मस्सोप्पु, म्हणजे डाळीत घोटलेली पालेभाजी, बुधवारी पालकाचं सांबार, गुरुवारी मेथीचा झुणका. हयवदन आनंदानं गच्चीवर शीळ वाजवत कात्री चालवत होता. शुक्रवारी रिपोर्ट आला एक पूर्णांक सात.

"अय्यो," डॉक्टर रम्या म्हणाल्या आणि गोळी वाढवली.

सत्यवतीनं सोप्पु परत बंद केला. पुढच्या शुक्रवारी तीन पूर्णांक नऊ. दात घासताना ब्रशला रक्त लागलं. दंडावर कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं तरी जांभळा डाग उठला होता. फ्रिजवरचा ग्राफ कुठल्यातरी डोंगररांगेसारखा दिसायला लागला. लाल रेघांच्या आत एकही ठिपका नव्हता.

"तुझं रक्त तुझ्यासारखंच हट्टी आहे," हयवदन म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही जिऱ्याचं पाणी दिलं होतंत."

 हे वाक्य ती जन्मभर वापरणार आहे हे त्याला कळून चुकलं होतं.

गौरी-गणपती झाले. आयुधपूजा चार आठवड्यांवर आली. रविवारी सकाळी सत्यवती स्टुलावर बसून आपला जुना मायक्रोमीटर फडक्यानं पुसत होती. तो देवघराच्या खालच्या खणात असायचा, आणि रोज त्याला तेलाचा एक थेंब मिळायचा, जसा देवाला दिव्यातून मिळतो तसा. तेवढ्यात बेल वाजली. विद्याधर. हातात पिनांची पिशवी, काखेत कागदांची गुंडाळी, चेहरा गणिताचा पेपर अवघड गेलेल्या मुलासारखा.

"अक्का, स्वल्प बघा ना. पूर्ण लॉट परत आलाय. एक पीस मोठा, एक लहान. मशीन नवीन, ऑपरेटर चांगला, स्टील चांगलं. आमच्या डोक्याबाहेर गेलंय."

सत्यवतीनं कागद टेबलावर पसरला. त्यावर मापांचे ठिपके होते. वर, खाली, वर, खाली. तिनं चष्मा वर सरकवला आणि सहा सेकंदांत विचारलं, "हात कोण लावतंय?"

"कोण नाही."

"विद्याधर."

"म्हणजे... ऑपरेटर लक्ष देतो हो. पीस मोठा आला की सेटिंग खाली घेतो. लहान आला की वर घेतो."

"प्रत्येक पीसला?"

"मनापासून काम करतो मुलगा!"

"आणि दुसऱ्या शिफ्टचा?"

"तो पण करतो. तो तर जास्त मनापासून करतो."

सत्यवतीचा आवाज चढला. त्या आवाजानं एके काळी पीण्यातल्या दुसऱ्या फेजमध्ये चहाचे कप थांबायचे. "मी तेहतीस वर्षं काय सांगत आले? मशीन थोडं वर-खाली होणारच. ते त्याचं श्वास घेणं आहे. तुम्ही प्रत्येक श्वासाला त्याचं नाक दाबता! एक सेटिंग ठेवायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. दहा पीस होऊ दे, मग बघायचं. दोन माणसं दोन बाजूंनी सुधारत बसली तर माल बिघडणार नाही तर काय होणार? अतिशहाणे कुठले!"

"सरी अक्का, बरोबर," विद्याधर म्हणाला. शिव्या खाऊन त्याला बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी खाल्ल्या होत्या.

हयवदन कॉफीचे पेले घेऊन आला. पेले ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यानं टेबलावरचा कागद उचलला, एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा फ्रिजवरून कशाला काढलास? बावीस तारखेचा रिपोर्ट मांडायचाय अजून." आणि तो सरळ जाऊन विद्याधरचा कागद फ्रिजला लावायला लागला. तिथं चुंबक मोकळं नव्हतं, कारण सत्यवतीचा ग्राफ तिथंच होता.

दोन्ही कागद शेजारी शेजारी. वर, खाली, वर, खाली. रेघेवर रेघ.

हयवदन एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. विद्याधरनं कॉफीचा घोट घेतला, पण गिळला नाही. सत्यवती उठली, काठी न घेता फ्रिजपर्यंत गेली आणि उभी राहिली.

"डॉक्टर गोळी वर-खाली करतात," ती हळूच म्हणाली. "आणि मी सोप्पु."

"दोन शिफ्ट," विद्याधर म्हणाला. मालक असला तरी एवढं धाडस त्यानं प्रथमच केलं.

हयवदननं घसा खाकरला. "दोन नाही. तीन."

"म्हणजे?"

"ब्रशला रक्त आलं त्या दिवसापासून मी तुझ्या चटणीपुडीत शेवग्याचा वाळवलेला पाला घालतोय. स्वल्पच. मला भीती वाटली गं."

सत्यवतीनं त्याच्याकडे बघितलं. तेहतीस वर्षं तिनं माणसांना लाल डबा उचलायला लावला होता. आता तो उचलायला तिघंही रांगेत उभे होते, आणि तीच सगळ्यात पुढे होती. तिच्या पोटातून हसू आलं. आधी दम लागेल म्हणून तिनं ते धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण ते काही धरलं जाईना. ती हसली, हयवदन हसला, विद्याधरच्या नाकातून कॉफी आली. आणि भरपूर हसून झाल्यावर सत्यवतीच्या लक्षात आलं की धाप लागलेली नाही.

मंगळवारी ती ग्राफ, चटणीपुडीचा डबा आणि नवरा असे तिन्ही पुरावे घेऊन दवाखान्यात गेली आणि सगळं कबूल केलं. डॉक्टर रम्यांच्या पेनाचं टोपण थांबलं.

"अम्मा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज सारखं खा."

"सांगितलं होतंत. मी ऐकलंही होतं. पण एवढं सोपं काम माझ्यासाठी असेल असं वाटलं नाही."

"आणि मी इथं बसून विचार करतेय की यांचं शरीर गोळी शोषतं तरी कसं!" रम्या हसून म्हणाल्या. "आता असं करू. गोळीचा डोस ठरवते, आणि आकडा अगदीच भलतीकडे गेला नाही तर मी त्याला हात लावणार नाही. तुम्ही सोप्प्याला लावायचा नाही. आणि अंकल, तुम्ही..."

"मी फक्त शिजवणार," हयवदन म्हणाला.

"रोज एक वाटी. शिजवलेली. पाला कुठलाही असो, वाटी तीच. आणि शेवग्याचा पाला घातलात तर तो वाटीत मोजायचा, चटणीत लपवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हयवदन गच्चीवर गेला. सोप्पु बंद असलेल्या आठवड्यांत त्यानं कुंड्यांना नुसतं पाणी घातलं होतं, आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखं. आज त्यानं राजगिऱ्याची एक जुडी कापली आणि तिचा वास घेत जिना उतरला. वाटी ठरली ती सत्यवतीच्या सासूची, काठाला खोक पडलेली पितळी. सत्यवतीनं तिच्यात पाणी भरून माप घेतलं, आत रंगानं रेघ मारली आणि हयवदनला दाखवली. "ही रेघ. वर नाही, खाली नाही."

"काठोकाठ भरली तर?"

"तर परत."

पहिल्या शुक्रवारी दोन पूर्णांक आठ. हयवदननं दवाखान्याच्या पायरीवरच टाळी वाजवली. दुसऱ्या शुक्रवारी दोन पूर्णांक तीन. सत्यवतीच्या डोक्यात लगेच आलं, उद्या अर्धीच वाटी खावी का? ती स्वयंपाकघरात जाऊन वाटीसमोर उभी राहिली. दोन्ही हात मागे बांधले. हयवदननं ते बघितलं आणि वाटी रेघेपर्यंत भरली. पानावर बसून तिनं पूर्ण खाल्ली. तेहतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं एवढंसं काम किती कठीण असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

तिसरा रिपोर्ट आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. दोन पूर्णांक पाच. बरोबर मध्यावर. डॉक्टर रम्यांनी पत्र लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाल्या, "हातमोजे घालायचे. आणि शुक्रवार चुकवायचा नाही." सत्यवतीनं पत्र वाचलं, तारीख तपासली आणि स्पेलिंगची एक चूक दुरुस्त करून घेतली.

आयुधपूजेला कारखाना ओळखू येत नव्हता. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनच्या कपाळावर कुंकू, फोर्कलिफ्टच्या चाकांखाली लिंबं. दारात कोहळा फुटला होता. ऑपरेटर नवीन शर्टात होता आणि त्याचे दोन्ही हात मागे बांधलेले होते. गेल्या तीन आठवड्यांत एकही लॉट परत आला नव्हता. बोम्मसंद्र्याच्या माणसाला विद्याधरनं पेढे पाठवून नाही म्हटलं होतं.

मापखोलीत सहा मुली रांगेत उभ्या होत्या. हयवदन कोपऱ्यात, डब्यात त्या दिवसाची वाटी घेऊन. विद्याधरनं फुलांच्या ताटातून एक चकचकीत वस्तू काढली. स्टीलची वाटी, लेथवर कातलेली. आत बारीक रेघ कोरलेली.

"अक्का, तुमच्या पितळी वाटीचं माप हयवदनअण्णांकडून गुपचूप घेतलं. मी स्वतः केली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्यवतीनं वाटी हातात घेतली. फिरवली. तिचे डोळे भरून आले, ते सगळ्यांनी पाहिलं. मग तिनं हातमोजे चढवले, पर्समधून कापसाचा एक बोळा काढला आणि वाटीच्या काठावरून हळूच फिरवला. मुली बघत होत्या. काठाच्या एका जागी कापसाचा एक धागा अडकला आणि हलत राहिला.

"इथं कड राहिली आहे," सत्यवती म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कापते. म्हणून बोट लावायचं नाही, कापूस लावायचा. पोरींनो, हा पहिला धडा."

मग तिनं खोलीभर नजर फिरवली. लाल डबा दाराशीच होता, त्यालाही झेंडूची माळ घातलेली. तिनं वाटी त्यात ठेवली आणि विद्याधरकडे बघितलं.

विद्याधरनं कान पकडले, वाकला आणि हसत हसत तो डबा उचलला.